उसना दगड

घर दाखवण्याआधी त्यांनी मला झारा दाखवला.

मी सांगलीहून नोकरीसाठी म्हैसूरला आले होते. चामराजपुरममध्ये वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने द्यायची आहे आणि घरमालकीण मराठी आहे, एवढंच ऑफिसातल्या एकीकडून कळलं होतं. दार उघडलं ते सत्तरीच्या एका काटक बाईंनी. सुती साडी, कानावर खोचलेली पेन्सिल. मी "नमस्कार मावशी" म्हटलं. त्या तशाच आत गेल्या, स्वयंपाकघरातून झारा आणला आणि माझ्या हातात दिला.

"नीट बघ. दांडा कसा जोडलाय?"

मी गोंधळले, पण बघितलं. "दोन रिबिटी मारल्यात. एक सैल झालीय."

त्यांनी झारा परत घेतला, डोळ्यांशी धरला, अंगठ्याने रिबिट हलवून पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "हे मला दिसलं नव्हतं. वर ये, खोली दाखवते. आणि मावशी नको. तुझी आई माझी बहीण नाही. इथं सगळे मिस म्हणतात, तू पण तेच म्हण."

सत्तरीच्या बाईला मिस म्हणायला मला सुरुवातीला जड गेलं. पण त्या गल्लीत त्यांना दुसरं नावच नव्हतं. एका शाळेत त्यांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं होतं, लग्न केलं नव्हतं, आणि रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत निम्मा परिसर त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांचं घराणं म्हैसुरात किती पिढ्यांपूर्वी आलं, ते त्यांनाही धड सांगता येत नसे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबरठ्यावर दोन्ही. 'कुणी सांगितलं'च्या जागी त्या 'कोण सांगितलं' म्हणत. थोडं नावाचा शब्दच त्यांच्याकडे नव्हता, 'स्वल्प' होता. उगीचच्या सगळ्या गोष्टी 'सुम्ने' असत, आणि काम संपलं की त्या 'आयतु' म्हणून हात झटकत. महिनाभरात मीही घरी फोनवर आईला "आयतु, ठेवते" म्हणायला लागले.

रोज सकाळची कॉफी झाली की मिस घरातली एखादी वस्तू टेबलावर ठेवत आणि तिचं चित्र काढत. चित्र म्हणजे रंग, छाया, मागे फुलदाणी, असलं काही नाही. वर्षानुवर्षं फळ्यावर बेडूक, जास्वंद आणि माणसाचं हृदय काढलेलं. त्याच शिस्तीने त्या आता किसणी काढत. प्रॅक्टिकलच्या वहीत, कोऱ्या बाजूला, टोकदार पेन्सिलीची एकच स्वच्छ रेघ. उजवीकडे पट्टीने ओढलेल्या आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला त्या त्या भागाचं नाव. कुकरचा उभा छेद. कॉफी फिल्टर, आतून. विळी, पाट, शिट्टी, स्क्रू ड्रायव्हर. घरातल्या वस्तू कमी पडल्या की त्या माझ्या खोलीशी येत. "तुझा तो केसांचा चिमटा स्वल्प दे." चिमटा जाई तो दोन दिवसांनी घासूनपुसून परत येई, आधीपेक्षा नीट उघडमीट होणारा.

काही भागांना नावं सापडत नसत. पातेल्याच्या झाकणावर मधोमध धरायला गोळा असतो, त्याला काय म्हणायचं? मिसच्या आईचा शब्द त्यांना आठवेना, माझा 'मूठ' त्यांना पसंत पडेना. शेवटी एका शनिवारी झाकण पिशवीत घालून आम्ही दोघी लष्कर मोहल्ल्यात गेलो. पत्र्याची भांडी करणाऱ्या एकाला मिसनी ठोकाठोकीच्या आवाजात विचारलं. त्याने हातोडी थांबवली, शेजारच्या दुकानदाराला विचारलं, दुकानदाराने आतल्या म्हाताऱ्याला. बरीच चर्चा झाल्यावर तो म्हणाला, "अम्मा, आम्ही त्याला 'ते' म्हणतो. 'ते' बसव, 'ते' निघालं, असं." मिसनी उभ्याउभ्या वही उघडली आणि रेघेच्या टोकाला लिहिलं, 'ते'.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्यांना त्या वेगवेगळी उत्तरं देत. डॉक्टरना सांगत, हात कापतो का ते तपासायला. बंगळुरूच्या धाकट्या भावाला सांगत, तुझ्या घरी राहायला यायला लागू नये म्हणून. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरांना दाखवायला बेडूक कापला, जास्वंद कापली. झारा माझ्या हातात पन्नास वर्षं आहे आणि त्याची रिबिट तू दाखवलीस. ही काय रीत झाली?"

वस्तूंच्या जोडीला दगड होते. पुढच्या खोलीच्या खिडकीत ते ओळीने मांडलेले असत. प्रत्येकाखाली चिठ्ठी, त्यावर आणल्याची जागा. मला आधी वाटलं, हा त्यांचा संग्रह. मी तसं बोलून दाखवल्यावर त्या जवळजवळ रागावल्याच. "संग्रह कशाचा? उसने आणलेत." दगड आणायचा, त्याचं चित्र बरोबर येईपर्यंत ठेवून घ्यायचा आणि मग जिथून उचलला तिथंच नेऊन ठेवायचा, असा त्यांचा नेम होता. नुसता तिथं नाही, जी बाजू जमिनीला होती ती जमिनीलाच. एकदा चामुंडीच्या पायथ्याशी असाच एक दगड परत करायला मी त्यांच्याबरोबर गेले. रिक्षावाला थांबून बघत होता. मिस वाकून दगडाची बैठक जुळवत होत्या, पुन्हा उचलत होत्या, पुन्हा फिरवून ठेवत होत्या. रिक्षावाल्याने मला हळूच विचारलं, "काही पुरलंय का खाली?" मी म्हटलं, नाही, परत करतायत. त्याने मान डोलावली, पण परतीच्या वाटेवर आरशातून तो आमच्याकडेच बघत होता.

त्यांच्या भाच्याने एका वाढदिवसाला त्यांना दुकानातून जांभळा, लखलखीत स्फटिक आणून दिला. मिसनी तो हातात घेऊन फिरवला, कौतुक केलं आणि पुन्हा खोक्यात घालून त्याच्याकडे दिला. "चांगला आहे रे. पण याला मी परत कुठं नेऊन ठेवू?" भाचा हिरमुसला. मिसना वाईट वाटलं, त्यांनी त्याला आग्रहाने दोनदा पायसम वाढलं. स्फटिक मात्र ठेवून घेतला नाही.

मी राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी नंजनगूडहून तो दगड आणला. कबिनी नदीच्या काठचा, सोललेल्या नारळाएवढा, काळसर, गुळगुळीत. त्याच्या पोटाभोवती बोटभर रुंदीचा एक पांढरा पट्टा होता, सगळीकडून फिरून पुन्हा स्वतःला येऊन मिळणारा. मिसना वाटलं होतं, आठवडाभराचं काम. पण तो पट्टा काही केल्या जमेना. काढलेला दगड कधी दोरीने बांधलेलं गाठोडं दिसे, कधी चपटी भाकरी. मिस खोडरबर वापरत नसत. चुकलं की पानावर तिरकी रेघ मारत आणि पान उलटत. अशी किती पानं उलटली कोण जाणे. गोल वस्तूवरून वळत मागे जाणारी रेघ सपाट कागदावर कशी वळवायची, हे काही त्यांना साधत नव्हतं, आणि हरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खिडकीतले बाकीचे दगड परत जात राहिले. हा राहिला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी घराला रंग काढला. रंगाच्या वासाने मिसना खोकला होतो, म्हणून त्या दोन दिवस भावाकडे बंगळुरूला गेल्या. रंगाऱ्यांनी खिडकीतले दगड उचलून फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली ठेवले. संध्याकाळी मी ते घाईत आत घेतले, तेव्हा काळा दगड तेवढा झाडाच्या बुंध्याच्या पलीकडे राहून गेला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर त्याला हळदकुंकू लागलेलं होतं आणि वर मोगऱ्याचा गजरा.

त्या कडुनिंबाखाली मंजुळा फुलं विकायला बसायची. चाळिशी ओलांडलेली, मोठ्या आवाजाची. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मोळ, या हिशेबाने ती गजरे मोजून द्यायची. गल्लीतल्या प्रत्येक घरची बातमी तिच्याकडे असे. मला तेव्हा कन्नड जेमतेम यायचं, त्यामुळे मी काही बोलले नाही. मिस आल्यावर बघतील, असं ठरवलं.

मिस आल्या, बॅग दारात ठेवली आणि कापडी पिशवी घेऊन सरळ झाडाखाली गेल्या. मी मागोमाग.

"मंजुळा, तो दगड मी नेते. माझ्या घरातला आहे."

मंजुळाने फुलं ओवणं थांबवलं. "दगड नाही मिस. अम्मा आहे."

"कोण सांगितलं?"

मग मंजुळाने सांगितलं. मला कळलं नाही ते मिसनी नंतर मराठीत सांगितलं. तिची मुलगी नंजनगूडच्या एका कारखान्यात शिवणकामाला होती. तिची आधी दोन बाळंतपणं अर्धवटच राहिली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि पाचवा महिना होता. त्या सकाळी तिची तपासणी होती. मंजुळाच्या जिवात जीव नव्हता. आदला दिवस तिने घरीच काढला होता; टोपली घेऊन झाडाशी आली तर आधी जिथं काही नव्हतं तिथं ही, पोटावर पांढरा पट्टा बांधलेली, बसलेली. मंजुळाने पहिला गजरा तिला वाहिला. दुपारी मुलीचा फोन आला की बाळ छान हलतंय, ठोके बरोबर पडतायत.

"हिला नेऊ नका मिस," ती म्हणाली. "पोरीला कळलं तर ती धीर सोडेल."

मिसनी कापडी पिशवीची घडी घातली. मग म्हणाल्या, "बाळंतपण होईपर्यंत राहू दे. मग मी घेऊन जाणार. हा मी कबिनीकडून उसना आणलाय."

"देवी कुणी उसनी आणतं का?"

"मी आणते. दे शब्द."

मंजुळाने शब्द दिला. तिला तो फार मनापासून दिल्यासारखा मला वाटला नाही.

चित्र मात्र अपुरंच होतं. मिसनी वेताची खुर्ची फाटकाबाहेर नेली आणि रोज सकाळी झाडाखाली बसून तो दगड काढायला लागल्या. मंजुळाचं गिऱ्हाईक वाढलं. बायका फुलं घेत, दगडाला वाहत आणि मग मिसना नमस्कार करत. एवढ्या शिकलेल्या बाई रोज अम्मापुढे तासभर बसतात, हे गल्लीत पसरलं होतं. मिस प्रत्येकीला सांगत की मी भक्त नाही, माझं काम चाललंय. बायका म्हणत, होय मिस, असंच असतं.

एके दिवशी मंजुळाने मान वाकडी करून वहीत बघितलं.

"हे कोण?"

"तुझा दगड."

"मग कुंकू कुठाय?"

"कुंकू दगडाचं नाही. ते वरून लावलेलं आहे."

"तुम्ही माझ्या पोरीला शाळेत शिकवलं, मिस. ती घरी येऊन सांगायची, मिस म्हणतात जे आहे ते काढा, मनातलं काढू नका. इथं कुंकू आहे. मनात नाही, डोळ्यांपुढे आहे. आणि तुम्ही ते सोडून काढताय."

मिसनी पेन्सिल कानावर ठेवली. त्या उठून आत गेल्या आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात लाल रंगाची पेन्सिल होती. मी त्या घरात आल्यापासून पाहिलेला तो पहिला रंग.

आणि चित्र जमलं. कारण साधंच होतं आणि मिसनी ते मला त्याच दिवशी उत्साहाने समजावून दिलं. मंजुळाने बोटाने ओळीने लावलेले कुंकवाचे ठिपके समोर गोल होते आणि कडेला जाता जाता चपटे, बारीक होत होते. त्या ठिपक्यांच्या मागोमाग गेलं की दगड कुठं वळतो ते दिसत होतं आणि पट्टाही त्यांच्याबरोबर वळत होता. उजवीकडे त्यांनी नावं लिहिली. पट्टा. गुळगुळीत कड. मोगरा, एक मोळ. आणि सर्वांत वर, 'कुंकू, मंजुळाने लावलेले'. मंजुळाला त्यांनी वाचून दाखवलं. त्या दिवशीचा शेवटचा गजरा तिने मिसच्या खुर्चीच्या पाठीला बांधला.

चित्र झालं म्हणजे दगड परत जायचा. पण शब्द दिलेला होता, आणि तेवढ्यात केबलअण्णा आला.

केबलअण्णा म्हणजे गल्लीत केबलचा धंदा करणारा, पुढेमागे निवडणुकीला उभं राहू पाहणारा माणूस. पलीकडच्या वॉर्डात एक देऊळ झालं होतं, आपल्याकडे का नको, असं त्याच्या मनाने घेतलं. एका सकाळी टेम्पोतून वाळू आली, विटा आल्या, दोन गवंडी आले. दगड सिमेंटमध्ये पक्का बसवायचा, भोवती फरशी, वर पत्रा, पुढे त्याच्या फोटोचा फलक. मिस खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या नाहीत.

"मिस, पहिला मान तुमचाच," अण्णा हात जोडून म्हणाला. "फक्त खुर्ची स्वल्प मागे घ्या."

"माझं काम चाललंय."

"चित्र तर झालं म्हणतात सगळे."

"एका बाजूने झालं. दगडाला एकच बाजू असते का?"

अण्णा हसला, पण पुढे सरकला नाही. मिस त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "दहावीत तू हृदयाची आकृती काढली होतीस. तीन कप्पे काढलेस. मी विचारलं, चौथा कुठाय, तर म्हणालास, जागा उरली नाही. तेव्हाही तू बघायच्या आधी रेघ मारायचास."

गवंडी खाली बघून हसायला लागले. अण्णाही हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने वाळू तिथंच ठेवली आणि सांगून गेला की लोकांची इच्छा आहे मिस, फार दिवस थांबता येणार नाही. त्या दिवसापासून मिस दगडाची दुसरी बाजू काढायला लागल्या. मग तिसरी. मला माहीत होतं की त्या वेळ काढतायत. त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी मंजुळाला फोन आला. मुलीला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या आणि तिला म्हैसूरच्या हॉस्पिटलात आणत होते. मंजुळा उभी राहिली ती तशीच उभी राहिली. तिला पायात चप्पलसुद्धा सरकवता येईना. रविवार होता, मी घरीच होते. मिसनी मला हाक मारली. "तू इथं बस, फुलं बघ." आणि त्या मंजुळाचा दंड धरून रिक्षात बसल्या. मी संध्याकाळपर्यंत कडुनिंबाखाली फुलं विकली. माझा हात मंजुळाच्या हातापेक्षा बराच लांब, त्यामुळे त्या दिवशी गल्लीतल्या बायका फार खूश होऊन घरी गेल्या.

मुलगी झाली. फार लहान होती, तिला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. मिस त्या दिवशी गेल्या आणि मग रोज जात राहिल्या. तिथं काय झालं ते मला नंतर मंजुळाने सांगितलं. तोवर मला तिचं कन्नड कळायला लागलं होतं.

"डॉक्टर भराभर बोलायचे," ती म्हणाली. "मला एकच कळायचं, सांगता येत नाही. आम्ही मायलेकी रडत बसायचो. मिसनी औषधाचं खोकं फाडलं आणि त्याच्या आतल्या बाजूला बाळाची फुप्फुसं काढली. म्हणाल्या, बघ, हे द्राक्षांच्या घोसासारखे बारीक फुगे असतात. हिचे अजून पुरते उघडलेले नाहीत, एकमेकांना चिकटलेत. ते यंत्र हवा देतंय, रोज थोडे थोडे उघडतील. मी विचारलं, नाही उघडले तर? म्हणाल्या, तर पोर जाईल. तुला खोटं सांगणार नाही." मंजुळाने गजऱ्याला गाठ मारली. "असं तोंडावर कुणी बोलतं का? पण त्यानंतर मी रडायची थांबले. रोज संध्याकाळी त्या यायच्या, डॉक्टरांना गाठायच्या आणि मला खोक्यावर दाखवायच्या, आज इथवर उघडलेत."

पोर जगली. वजन धरल्यावर घरी आली. मंजुळा पुन्हा झाडाखाली बसायला लागली. दगडाला आता दोन गजरे असत. मंजुळा सगळ्यांना सांगे की अम्माने वाचवलं, आणि मिस शेजारी खुर्चीत बसून ते ऐकून घेत.

दगडाबद्दल मात्र दोघीही बोलेनात. मी एकदा न राहवून विचारलं, "मंजुळा शब्द विसरली वाटतं. तुम्ही आठवण करून का देत नाही?"

"विसरली नाही. घाबरलीय," मिस म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाला आठवण करून द्यायची नसते. थांबायचं असतं."

"आणि अण्णाने सिमेंट ओतलं तर?"

"तर मी हरले. बेजार होईन, दुसरं काय."

पण हे बोलताना त्यांनी पेन्सिलीचं टोक मोडलं. एरवी त्यांच्या हातून ते कधी मोडत नसे.

फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी मंजुळा आली ती टोपली न घेता. नवी साडी नेसलेली, न्हालेली. तिने दगडावरची फुलं काढून बाजूला ठेवली, पदर पसरला आणि दोन्ही हातांनी दगड उचलून पदरात घेतला. कुणीतरी अण्णाला बोलावलं असावं. तो बनियनवरच धावत आला.

"अगं, काय करतेस? लोक काय म्हणतील?"

"पहिलं फूल मी वाहिलं, अण्णा," मंजुळा म्हणाली. "तेव्हा तुम्ही कुणी नव्हता. आता मीच उचलणार."

अण्णाने मिसकडे बघितलं. मिसनी दोन्ही हात वर करून दाखवले, की मी हात लावलेला नाही. खरंच लावला नव्हता. त्या आत जाऊन कापडी पिशवी घेऊन आल्या, पण मंजुळाने दगड पिशवीत घालायला ठाम नकार दिला. चामराजपुरमच्या स्टेशनवरून आम्ही तिघी नंजनगूडच्या गाडीत बसलो, तेव्हा दगड तिच्या मांडीवर, पदराखाली होता. समोरच्या बाईने विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मिसनीच उत्तर दिलं, "हे म्हातारं आहे. घरी सोडायला चाललोय."

अण्णाने पुढे त्या जागी काळ्या दगडाची, चांदीच्या डोळ्यांची मूर्ती बसवली. तिला पत्रा आहे, फरशी आहे, फलकही आहे. मिसना मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत? त्या म्हणाल्या, "तो दगड त्यानं विकत आणलाय. उसना नाही. त्याचं तो बघेल."

त्या दिवशी नंजनगूडला देवळाजवळच्या घाटावर गर्दी होती. मिस आम्हाला तिथून बऱ्याच खालच्या अंगाला, जुन्या पुलाच्या पलीकडे घेऊन गेल्या. तिथं पाणी उथळ आणि स्वच्छ होतं आणि तळाशी असेच काळे, गोल दगड पसरलेले दिसत होते. मिसनी साडी वर खोचली आणि घोट्याएवढ्या पाण्यात उतरल्या. गुडघे दुखत होते त्यांचे, मी हात धरला. त्या इकडेतिकडे बघत राहिल्या, मग दोन मोठ्या दगडांमधली एक जागा बोटाने दाखवली. "इथं. पट्ट्याची रुंद बाजू खाली."

मंजुळा पाण्यात आली. तिने दगड पदरातून काढला, कपाळाला लावला आणि वाकून मिसनी दाखवलेल्या जागी ठेवला. मिसनी वाकून बघितलं, पण या वेळी फिरवला नाही. कुंकू पाण्यात सुटलं. लाल रेघ थोडी लांब गेली आणि विरली. आता तो शेजारच्या दगडांसारखाच दिसत होता, फक्त पट्टा तेवढा पांढरा.

"आयतु," मिस म्हणाल्या.

मंजुळा हलली नाही. पाणी तिच्या साडीचे काठ ओढत होतं. तिने विचारलं, "आता मी कुणाला सांगायचं, मिस? पोर रात्री रडते. जावई दारू पितो. माझ्या छातीत मध्येच कळ येते. हे सगळं मी सकाळी तिला सांगायचे. आता कुणाला सांगू?"

मिसची उत्तरं नेहमी तयार असत. मला वाटलं, आता श्रद्धेबद्दल काहीतरी समजावतील, नाहीतर देवळाकडे बोट दाखवतील.

"मला सांग," त्या म्हणाल्या. "मी समोरच राहते."

"तुम्ही ओरडता."

"ओरडेन. तरी सांग." आणि मग, पाण्यातून बाहेर यायला मंजुळाच्या खांद्याचा आधार घेत, "छातीत कळ कुठं येते? डावीकडे की मधोमध?"

मंजुळा सांगायला लागली. चढ चढून रस्त्यावर येईपर्यंत ती सांगत होती, गाडीत सांगत होती, आणि चामराजपुरमला उतरल्यावरही दोघी फलाटावरच्या बाकावर बसल्या, कारण अजून बरंच सांगायचं राहिलं होतं. मी पुढे येऊन कुलूप उघडलं आणि तिघींसाठी कॉफी ठेवली.